ऐंशीच्या पुढची थरथर

"मी येते तुला न्यायला," एवढंच मी आईला फोनवर म्हणाले. या एका वाक्यापायी माझे हात, माझं वय, माझं ब्लडप्रेशर आणि माझी बसायची पद्धत या सगळ्यांची चौकशी होणार आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी आईला बसने ये म्हटलं असतं. (नसतं म्हटलं. पण रागात माणूस बोलतो.)

आई माझ्या भावाकडे राहते, आमच्यापासून नव्वद किलोमीटरवर. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय आणि डोळ्यांचं चांगलं हॉस्पिटल आमच्या गावात आहे. ऑपरेशनची तारीख तिने दोनदा पुढे ढकलली. पहिल्यांदा म्हणाली, थंडी फार आहे. दुसऱ्यांदा म्हणाली, उकडतंय. खरं कारण भीती, पण ते ती कबूल करणार नाही. डावा डोळाही काही फार कामाचा नाही. परवा तिने फोन समजून टीव्हीचा रिमोट कानाला लावला आणि मी बोलत नाही म्हणून दिवसभर रुसून बसली.

तर मी म्हणाले, "मी येते. स्वतः गाडी चालवत येते."

 आई म्हणाली, "तू चालवत आलीस तर येते. जावयांबरोबर नाही यायची."

जावई म्हणजे आमचे हे. हे गाडी वाईट चालवत नाहीत, हळू चालवतात. विम्याच्या ऑफिसात तीस वर्षं त्यांनी अपघातांच्या फायली हाताळल्या आहेत आणि रस्त्यावरच्या प्रत्येक वळणाला त्यांना एक फाईल आठवते. हायवेवर ते पंचावन्नने जातात. उतार असला तर साठ, आणि साठ झाले की तसं मोठ्याने जाहीर करतात. मागे एकदा त्यांनी आईला आणलं, तेव्हा वाटेत एक ट्रॅक्टर हॉर्न देऊन आमच्या पुढे गेला. आई म्हणते, ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून पाहिलंसुद्धा, गाडीत कुणी आजारी आहे की काय म्हणून.

मी गाडी शिकले पन्नासाव्या वर्षी. मुलगी लग्न होऊन गेली, घर रिकामं झालं, म्हटलं आता काहीतरी आपल्यासाठी करू. आठ महिने मी गावात गाडी चालवतेय. मी घरी पडदे आणि उशांच्या खोळी शिवते, त्यामुळे कापडाच्या दुकानात जाणं-येणं असतं. आजवर एक ओरखडा नाही. (एक आहे. पण त्यात फाटकाची चूक होती.)

आईला आणायच्या आधी हायवेची सवय व्हावी म्हणून मी एका रविवारी एकटीच तिला भेटून यायचं ठरवलं. शनिवारी गाडी धुतली. माणूस पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर जातो तर नीटनेटका होऊन जातो, मग गाडीने काय पाप केलंय? आतून पुसली, बाहेरून पुसली, चाकांच्या नक्षीतून हात घालून आतला मळसुद्धा बोथट सुरीने खरवडून काढला. माझा स्वभावच तसा आहे. मी भांडंही घासते तर बाहेरून तळाशी आधी बघते.

रविवारी निघाले. साठ, छान. सत्तर, छान. ऐंशी झाले आणि स्टिअरिंगला बारीक कापरं भरलं. मला वाटलं रस्ता खराब असेल. पंचाऐंशीला ते माझ्या कोपरापर्यंत आलं. नव्वदला पाण्याची बाटली खाचेत टकटक वाजायला लागली आणि आरशात मागचा एक ट्रक तीन दिसायला लागला. मी वेग कमी केला. सत्तरला सगळं शांत, जसं काही झालंच नव्हतं. पुन्हा वाढवला, पुन्हा तेच. शेवटी सत्तरनेच गेले, सत्तरनेच आले, आणि घरी येऊन ह्यांना सगळं खरं खरं सांगितलं. (खरं सांगणं हा माझा मोठा दोष आहे.)

हे खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचत होते. खिडकीचा पडदाही गप्प होता. पूर्वी तो वाऱ्याने उडून ह्यांच्या तोंडावर यायचा आणि हे त्याच्याशी भांडायचे. आदल्या संध्याकाळीच मी त्याच्या खालच्या पट्टीत वजनं घालून शिवली होती, तेव्हापासून तो शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखा सरळ उभा होता. त्याबद्दल ह्यांनी माझं कौतुकही केलं होतं. वर्षातून एकदा करतात, ते त्यात संपलं.

"किती वेग होता?" ह्यांनी विचारलं.

"नव्वद."

ह्यांनी पेपरची घडी घातली. ह्यांनी पेपरची घडी घातली म्हणजे फाईल उघडली असं समजायचं.

"नव्वदने कशाला गेलीस?"

"आई तिकडे होती म्हणून."

"गाडी चांगली आहे. चार महिन्यांपूर्वी नवे टायर घातलेत. माझ्या हातात ती कधी थरथरली नाही."

"तुमच्या हातात ती कधी जागीच झालेली नाही."

हे ऐकून न ऐकल्यासारखं करून ह्यांनी निकाल दिला. गाडी तीच, रस्ता तोच, चालवणारं माणूस तेवढं वेगळं. तेव्हा थरथर गाडीत नसून चालवणाऱ्याच्या हातात आहे. आणि ह्यांनी गाडीची किल्ली उचलून आपल्या चष्म्याच्या घरात ठेवली. "सुरक्षेसाठी," म्हणाले.

मला सांगा, हा काय न्याय झाला? तीस वर्षं मी सुईत एका दमात दोरा ओवते. ह्यांच्या शर्टाची बटणं कुणी लावली? थरथरत्या हातांनी बटणं लागतात?

पण माझं ऐकतो कोण. संध्याकाळी मुलीचा फोन आला आणि तिच्या हातून तो जावयाने घेतला. आमचा जावई सगळ्या विषयांतला जाणकार आहे, फक्त त्याच्याकडे गाडी नाही.

"आई, तुम्ही स्टिअरिंग फार घट्ट धरता का?"

"सैल धरू का? नव्वदला?"

"आणि चालवताना श्वास रोखून धरता का?"

"आत्ता धरलाय," मी म्हणाले.

मग आईचा फोन. ह्यांनी तिला आधीच कळवलं होतं, माझी तब्येत बरी नाही म्हणून.

"किती वेगाला थरथरतं गं?"

"ऐंशीच्या पुढे."

"मग बरोबर आहे. मला एक्क्याऐंशी लागलं, माझंही तसंच होतं."

मला हसू आलं, पण पुढचं ऐकून ते गेलं. आई म्हणाली, "तू येणार नसलीस तर राहू दे ते ऑपरेशन. दिसतं तेवढं पुरे आहे. आता नवीन बघायचं तरी काय राहिलंय?"

हे ती अगदी साध्या आवाजात बोलली, म्हणून मला जास्त लागलं. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी. आईला बुधवारी आणायची. म्हणजे माझ्याकडे दहा दिवस होते, आणि किल्ली चष्म्याच्या घरात.

मंगळवारी हे म्हणाले, "माझा गुडघा दाखवायचाय, सोबत चल." मी गेले. डॉक्टरांसमोर बसल्यावर ह्यांचा गुडघा कुठल्या कुठे गेला.

"डॉक्टर, हिचे हात थरथरतात."

"माझे नाहीत, गाडी थरथरते," मी म्हणाले.

"असं तिला वाटतं," हे म्हणाले.

डॉक्टर शहाणे होते. त्यांनी पंखा बंद केला, मला दोन्ही हात पुढे करायला सांगितले आणि बोटांवर औषधं लिहायचा एक कोरा कागद ठेवला. कागद टेबलावर ठेवल्यासारखा पडून राहिला. डॉक्टर घड्याळ बघत होते, मी ह्यांच्याकडे बघत होते.

"अगदी स्थिर आहेत," डॉक्टर म्हणाले.

"हो, पण इथे वेग शून्य आहे ना," हे म्हणाले.

डॉक्टरांनी तोच कागद उचलून ह्यांच्या बोटांवर ठेवला. तो आधी थरथरला आणि मग खाली पडला. "चहा कमी करा," डॉक्टर ह्यांना म्हणाले. मी त्यांच्याकडून "हात स्थिर आहेत" असं लिहून घेतलं आणि घरी येऊन फ्रिजच्या दारावर लावलं. दोन दिवस हे पाणीसुद्धा माठातलंच प्यायले, फ्रिजपाशी फिरकले नाहीत.

पण किल्ली काही बाहेर आली नाही. "हात चांगले असतील, मग पाय असतील," असं नवं टुमणं निघालं. शेवटी मी फार लावून धरलं तेव्हा शनिवारी हे गाडी गॅरेजात घेऊन गेले. मीही गेले. तिथे काय झालं ते सांगते, आणि सांगतानाही मला राग येतो.

गाडी चालवते मी, थरथर जाणवली मला, तक्रार माझी. पण गॅरेजवाला ह्यांच्याशी बोलत होता. मी मध्ये उभी, आणि ते दोघे माझ्या डोक्यावरून बोलत होते. (मी उंचीने कमी आहे, त्यामुळे त्यांना सोपं गेलं.)

"साहेब, मॅडम पाय क्लचवर ठेवून चालवतात का?"

"मॅडम इथेच आहेत," मी म्हणाले. "आणि पाय क्लचवर नसतो. चालत्या गाडीत गिअर काढूनही बघितलं. न्यूट्रलमध्येही थरथरतं. ब्रेक दाबला की वाढत नाही. वेग उतरला की थांबतं."

हे सगळं मी मापं लिहायच्या वहीत लिहून ठेवलं होतं. पडद्याची लांबी, रुंदी आणि खाली गाडीची थरथर. गॅरेजवाल्याने वहीकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं आणि गाडी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. टोकाला कुत्रं झोपलेलं होतं, म्हणून तिथूनच वळला.

"काही नाही साहेब. लोण्यासारखी चालते."

"किती वेगाने नेलीत?" मी विचारलं.

"चाळीस."

"ती ऐंशीच्या पुढे थरथरते."

यावर त्याने ह्यांना काय सांगावं? "साहेब, मॅडमना सांगा, ऐंशीच्या पुढे नेऊ नका."

म्हणजे माझा दात दुखतो म्हणून मी गेले, तर चावू नका. आणि ह्यांना हे इतकं पटलं की घरी येताना दोनदा म्हणाले, "माणूस अनुभवी आहे."

सोमवार उजाडला. आईला आणायला दोन दिवस. मी बारा उशांच्या खोळी द्यायच्या कबूल केल्या होत्या, म्हणून सकाळीच मशीनवर बसले. माझं मशीन मोटरवर चालतं. मी रागात होते. एरवी मी पाय हलका ठेवते, त्या दिवशी पूर्ण दाबला. गॅरेजवाला डोळ्यांसमोर होता. आणि काय, टेबल थरथरायला लागलं. कात्री आपोआप चालत कडेला निघाली. मी पाय उचलला, टेबल शांत. हळू चालवलं, शांत. जोरात चालवलं, कात्री पुन्हा निघाली.

मी खाली वाकून बघितलं. टाचण्या उचलायचं माझं लोहचुंबक, एवढंसं, पेढ्याच्या अर्ध्या आकाराचं, मशीनच्या चाकाला एका बाजूने जाऊन चिकटलं होतं. ते काढलं आणि पाय पूर्ण दाबला. कात्री जागची हलली नाही.

ते चुंबक हातात घेऊन मी बसून राहिले. गाडीलाही चाकंच असतात की. चाकाला एका बाजूला काहीतरी जास्तीचं चिकटलं असणार. हळू फिरताना ते कळत नाही, जोरात फिरलं की सगळ्यांना नाचवतं. दहावी पास बाईला जे टाचण्यांच्या चुंबकावरून कळतं, ते गॅरेजवाल्याला कुत्र्यापर्यंत जाऊन कळलं नाही.

मी हात पुसून खाली गेले. चारही चाकांच्या नक्षीतून आत डोकावून बघितलं, छोटा आरसा धरून बघितलं. कुठे चिखल नाही, डांबर नाही, काही म्हणजे काही चिकटलेलं नाही. माझ्या ताटांइतकी स्वच्छ चाकं. मला त्यांचा अभिमान वाटला आणि कोडंही पडलं. पण चाकातच काहीतरी आहे, याबद्दल आता माझ्या मनात शंका नव्हती.

दुपारी हे जेवायला आले तेव्हा मी त्यांना मशीनसमोर बसवलं. चुंबक लावून दाखवलं, काढून दाखवलं. कात्री चालली, कात्री थांबली. ह्यांना पुरावा आवडतो, एवढं मात्र आहे. त्यांनी तीनदा करायला लावलं.

"हं," म्हणाले. "पण गाडी म्हणजे मशीन नव्हे. मला प्रत्यक्ष दाखव. उद्या मी शेजारी बसतो."

"नव्वदला?"

"बसतो म्हटलं ना. साठच्या वर मी डोळे मिटून घेईन."

मंगळवारी ह्यांनी अर्धी रजा टाकली. चष्म्याच्या घरातून किल्ली निघाली. हायवेला लागलो. साठला ह्यांनी सवयीने "साठ" असं जाहीर केलं आणि डोळे मिटले. सत्तरला एक हात दाराच्या वरच्या मुठीकडे गेला. ऐंशीला स्टिअरिंगला कापरं भरलं. नव्वदला ह्यांचा चष्मा नाकावरून खाली सरकायला लागला.

"कळतंय का?" मी विचारलं.

"अगं, गाडी नाही, मीच थरथरतोय."

"डोळे उघडा आणि स्टिअरिंगला एक बोट लावा."

ह्यांनी एक डोळा उघडला आणि हरभऱ्याएवढं बोटाचं टोक लावलं. आणि तसेच बसून राहिले. मी सत्तरवर आणली, थरथर गेली. नव्वदवर नेली, आली. मला बोलायचं बरंच होतं. दहा दिवसांचं साठलं होतं. पण ह्यांचा चेहरा बघून मी गाडी पुन्हा सत्तरवर आणली.

मग हे म्हणाले, "मला वाटलं होतं, तूच घाबरतेस. आणि मग तुला काही झालं तर..."  मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "एवढ्या फायली बघितल्या, त्यात 'गाडी थरथरत होती' असं लिहायला कुणी परत आलेलं नसतं."

माझा अर्धा राग तिथेच उतरला. उरलेला अर्धा मी टायरवाल्यासाठी ठेवला.

टायरवाल्याचं दुकान हायवेलाच होतं. या वेळी मी ह्यांच्या आधी उतरले आणि सगळं मीच सांगितलं. वय झालेला माणूस होता, शेवटपर्यंत माझ्याकडे बघून ऐकलं. म्हणाला, "काकू, हे बॅलन्सिंगचं काम दिसतंय. चाकं काढून बघू." त्याने पुढचं एक चाक काढून मशीनवर चढवलं आणि गरागरा फिरवलं. मशीनच्या स्क्रीनवर आकडे आले.

"तुमचं बरोबर आहे काकू. चाकाचा तोल गेलाय."

"जरा मोठ्याने सांगता का? त्यांच्याकडे तोंड करून."

त्याने सांगितलं. बिचारा चांगला होता. मग दुसरं चाक, तिसरं, चौथं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"चारही चाकांचा गेलाय. असं एकदम होत नाही." तो चाकात वाकला, बोटाने आत चाचपलं. "अच्छा. म्हणजे वजनं होती. ही बघा डिंकाची खूण. कुणीतरी खरवडून काढलीत. चारही चाकांची, अगदी व्यवस्थित. सुरी लावून केलेलं काम आहे."

मी भडकले. दहा दिवस मी ज्याच्यामुळे डॉक्टरापुढे हात पसरून बसले, तो शेवटी सापडला होता. "कोण मूर्ख असेल हा," मी म्हणाले. "लोकांच्या जिवाशी खेळ? माझी एक्क्याऐंशी वर्षांची आई बसणार होती गाडीत. सापडू द्या मला, अशी झाडते की पुन्हा कुणाच्या गाडीला हात लावायचा नाही."

"घातपात आहे हा," हे म्हणाले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण ह्यांना माझ्या बाजूने इतकं चिडलेलं मी पहिल्यांदा बघत होते. मला फार बरं वाटलं.

टायरवाल्याने खणातून नवी वजनं काढली. "ही अशी असतात काकू. चाकाच्या आत चिकटवायची, म्हणजे चाक सगळीकडून सारखं होतं."

त्याच्या तळहातावर करड्या रंगाची एक पट्टी होती. नखाएवढे चौकोन, एकाला एक लागून, चॉकलेटच्या वडीसारखे.

मी पट्टीकडे बघितलं. पट्टीने माझ्याकडे बघितलं. आमची जुनी ओळख होती.

शनिवार, बोथट सुरी, चाकांच्या आतला मळ. त्यात हे तुकडे होते. मला वाटलं, टायर बसवणाऱ्यांनी काहीतरी चिकटवून तसंच सोडलंय, लोकांना कामाची कळकळच नाही. मी एकूण एक काढले. साबणाने धुतले. जड होते, चांगले होते, म्हणून बटणांच्या डब्यात ठेवले. आणि त्याच संध्याकाळी...

"काय झालं काकू? बरं नाही का?"

"काही नाही," मी म्हणाले. "तुम्ही बसवा."

त्याने वजनं बसवली. मी टायरच्या ढिगावर बसून होते आणि हे माझ्यासमोर येरझाऱ्या घालत होते. "दोन महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंगला गाडी कुणाकडे होती? त्या गॅरेजवाल्याकडे. चाकं कुणी काढली? त्याने. आणि वर म्हणतो, ऐंशीच्या पुढे नेऊ नका. त्याला माहीत होतं. आत्ताच्या आत्ता जाऊन विचारतो. चल. गाडी मी चालवतो."

मी म्हणाले, "जाऊ द्या हो."

"जाऊ द्या? तुला डॉक्टराकडे नेलं मी त्याच्यापायी."

 आम्ही निघालो. हे रागाने पुढे वाकून चालवत होते आणि काय काय बोलायचं त्याची तयारी करत होते. एक मुद्दा, दोन मुद्दे, तीन मुद्दे. गाडी लोण्यासारखी चालली होती. पाण्याची बाटली गप्प होती. माझी नजर काट्यावर गेली.

"अहो," मी म्हणाले, "ब्याण्णव झालेत."

ह्यांनी खाली बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि गाडी एकदम पंचावन्नवर आली. मागचा ट्रॅक्टर हॉर्न देऊन पुढे गेला.

गॅरेजपुढे गाडी थांबली. गॅरेजवाला फडक्याला हात पुसत बाहेर येत होता. मला तो अजिबात आवडत नाही. माझ्या डोक्यावरून बोलणारा माणूस. त्याला चार शब्द ऐकावे लागले असते तर मला वाईट वाटलं नसतं, असं मी मनाला सांगून बघितलं. ह्यांनी दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला.

"ती मी काढली," मी म्हणाले.

"काय?"

"वजनं. मी काढली. धुताना. मला वाटलं घाण आहे."

ह्यांचा एक पाय रस्त्यावर, एक गाडीत. तसेच राहिले. गॅरेजवाला जवळ आला.

"काय साहेब, गेली का थरथर?"

"गेली," हे म्हणाले.

"काय निघालं?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या काचेकडे बघितलं.

"स्वच्छता," हे म्हणाले. पाय आत घेतला आणि दार लावलं.

 घरात आल्यावर हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि शांतपणे म्हणाले, "तू काढलेली वस्तू कधी टाकत नाहीस. मग ती वजनं कुठे आहेत?"

 बाहेर चांगला वारा होता. टेबलावरचा पेपर फडफडत होता, दिनदर्शिकेची पानं उडत होती. खिडकीचा पडदा तेवढा सरळ उभा होता. ह्यांची नजर पेपरावरून दिनदर्शिकेवर गेली आणि तिथून हळूहळू पडद्यावर आली. वरून खाली गेली. खालच्या पट्टीवर थांबली.

रागावले नाहीत. चष्म्याचं घर काढलं, किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "उद्या लवकर निघ," म्हणाले. "आणि नव्वदला भिऊ नकोस. मी आज जाऊन आलोय."

बुधवारी मी आईला आणली. नव्वदने आणली. स्टिअरिंग माझ्या हातात मांजरासारखं निजलं होतं. निम्मी वाट आई डोळे मिटून बसली, मला वाटलं भीतीने, तर झोपली होती. जागी झाल्यावर म्हणाली, "इतक्यात आलं? मग उद्याचंही उरकून टाकू." त्या एका वाक्यासाठी मी आणखी चार डॉक्टरांपुढे हात पसरले असते.

डॉक्टरांची गोष्ट, घातपाताची गोष्ट, सगळं मी तिला वाटेत सांगितलं होतं. फक्त शेवटचं तेवढं नव्हतं सांगितलं. वजनं कुणीतरी काढली, एवढंच म्हणाले. ह्यांनीही घरी आल्यावर तोंड उघडलं नाही, त्यांच्या खुर्चीशेजारी आईला बसवलं आणि पेपर उघडला. मला ह्यांच्याबद्दल फार चांगलं वाटायला लागलं होतं.

आईने मला शिवण शिकवलं. तिला आता धड दिसत नाही, पण हाताला लागेल ते कापड चाचपायची सवय काही जात नाही. खुर्चीत बसल्या बसल्या तिने पडदा बोटांत घेतला. शिलाई चाचपली, खाली खाली आली आणि पट्टीपाशी थांबली. एक चौकोन, दुसरा चौकोन, अशी ती शेवटपर्यंत गेली.

"वजनं घातलीस?"

"हो."

"चांगली जड आहेत. कुठून आणलीस?"

"घरातलीच आहेत," मी म्हणाले.

तिने पडदा दोन्ही हातांनी जरा उचलला, सोडला, पुन्हा उचलला. मान हलवली.

"सारखी नाही घातलीस गं. डावीकडे जास्त झाली आहेत, पडदा ओढतोय तिकडे. बॅलन्स करून घे."

मी ह्यांच्याकडे बघितलं. पेपर वर होता, तोंड दिसत नव्हतं. खिडकी बंद होती, पंखा बंद होता. पेपर मात्र चांगलाच थरथरत होता, आणि तोही शून्य वेगाला.